लॉगिन केल्यावर कॉम्प्युटरमध्ये कोण कोण उठतं, याची हजेरी कशी घ्यायची

"पासवर्ड मारायचा, समोर चहा सांगायचा, चहा पिऊन कप परत गेला की मग ह्यो हलतोय." कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातले अण्णा त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल सांगत होते. गुळाचा हंगाम ऐन भरात होता. दारात रव्यांच्या थप्प्या, आत पट्टीसाठी उभे असलेले शेतकरी, आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) पहिली नोंद करता येईपर्यंत सहा मिनिटं वीस सेकंद गेली.

अण्णांचं म्हणणं, रॅम वाढवू. मी म्हटलं, वाढवायची तर वाढवू, पण आधी पासवर्ड टाकल्यावर आत कोण कोण उठतंय ते तर बघू. ते कसं बघायचं, हे इथे पायरीपायरीने लिहितोय. विंडोज १० किंवा ११ असलेलं कुठलंही मशीन चालेल, मग ते वर्कशॉपचं असो, झेरॉक्स सेंटरचं असो नाहीतर घरचा लॅपटॉप असो. (विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे ते वापरणाऱ्यांनी ही हजेरी जास्तच मनावर घ्यावी.)

उद्यमनगरात कुठल्याही कारखान्यात शिरा, दाराशी मस्टर असतं. कोण आला, कुठल्या खात्यात, कधी आला, सगळं त्यात. मस्टर आहे म्हणून अनोळखी माणूस आत दिसला की मुकादमाला लगेच कळतं. कॉम्प्युटरचं असं मस्टर जवळजवळ कुणीच ठेवत नाही. मशीन बिघडलं की मग लोक यादी उघडतात, आणि त्या शंभर-दीडशे नावांतलं आपलं कुठलं आणि परकं कुठलं हेच कळत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: मशीन ठणठणीत चालत असतानाच पहिली हजेरी घ्या.

आधी क्रम समजून घ्या

डिस्कवर नुसती पडून असलेली फाइल म्हणजे प्रोग्रॅम. तीच मेमरीत येऊन कामाला लागली की तिला प्रोसेस म्हणायचं. एकाच प्रोग्रॅमच्या दहा-दहा प्रोसेस असू शकतात. क्रोमच्या असतातच.

तुम्ही पासवर्ड टाकण्याआधीच बरीच मंडळी उठलेली असतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. प्रिंटरची रांग सांभाळणारी, नेटवर्क बघणारी, अँटिव्हायरसची, अशा सगळ्या. लॉगिनची पाटी तुमच्यासमोर धरून बसलेली असते विनलॉगऑन नावाची प्रोसेस. तुम्ही पासवर्ड दिला की तो खरा की खोटा हे एलसॅस नावाची दुसरी प्रोसेस तपासते. बरोबर निघाला की विनलॉगऑन यूजरइनिटला उठवतं, यूजरइनिट तुमची मांडामांड करून एक्सप्लोररला उठवतं, आणि एक्सप्लोरर आला की तुम्हाला डेस्कटॉप आणि टास्कबार दिसतो. त्यानंतर काही सेकंदांनी तुमच्या नावावर "लॉगिन झालं की उठा" असं लिहून ठेवलेले बाकीचे प्रोग्रॅम एकेक करून यायला लागतात. अण्णांचा चहा जायचा तो या शेवटच्या टप्प्यात.

यातली एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते. यूजरइनिट आपलं काम करून निघून जातं. त्यामुळे नंतर यादी बघितली तर एक्सप्लोररला कुणी उठवलं ते दिसतच नाही, तो बिनबापाचा असल्यासारखा एकटा उभा असतो. यात काही बिघाड नाही. मुकादम माणसाला कामावर लावून गेला, एवढंच.

पहिली पायरी: रीस्टार्ट, शटडाउन नव्हे

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बऱ्याच मशीनवर चालू असते. ती चालू असेल तर शटडाउन केलं तरी विंडोजचा आतला गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर ठेवून दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलली जाते. म्हणजे सर्व्हिस मंडळी नव्याने उठतच नाहीत. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. म्हणून हजेरीसाठी नेहमी रीस्टार्ट करा.

पासवर्ड टाकताना मोबाइलवर घड्याळ लावा आणि दोन वेळा कागदावर लिहा: डेस्कटॉप दिसला ती, आणि तुमच्या रोजच्या कामाचा पहिला प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने वापरता आला ती. दुसरी वेळ जास्त महत्त्वाची. हे लागोपाठ तीनदा करा, कारण एखाद्या वेळी मागे अपडेट चालू असलं तर आकडा फसवा येतो.

दुसरी पायरी: टास्क मॅनेजर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपचं पान आहे (विंडोज ११ वर नाव "स्टार्टअप अ‍ॅप्स"). लॉगिनला उठणाऱ्यांची सगळ्यात सोपी यादी इथे मिळते. "स्टार्टअप इम्पॅक्ट" या रकान्यात हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. त्याचा हिशेब ठरलेला आहे. उठताना ज्याने प्रोसेसरचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर तीन एमबीपेक्षा जास्त वाचालिही केली, तो हाय. तीनशे मिलिसेकंदांपासून एका सेकंदापर्यंत, किंवा तीनशे केबीपासून तीन एमबीपर्यंत, तो मीडियम. त्याखाली लो. "नॉट मेझर्ड" दिसलं तर अजून मोजमाप झालेलं नाही, आणखी एक-दोनदा लॉगिन होऊ द्या.

तीन एमबी म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही. म्हणून हाय दिसलं की दचकू नका. रकान्यांच्या शीर्षकावर उजवं क्लिक केलं की जास्तीचे रकाने चालू करता येतात. त्यातले "कमांड लाइन", "डिस्क आयओ अ‍ॅट स्टार्टअप" आणि "सीपीयू अ‍ॅट स्टार्टअप" हे तीन चालू करा. मग हाय म्हणजे नक्की किती, ते आकड्यात कळतं.

वर कोपऱ्यात "लास्ट बायोस टाइम" असा एक आकडा दिसतो. तो लॉगिनचा वेळ नव्हे. विंडोज सुरू होण्याआधी मदरबोर्डने किती वेळ घेतला, तेवढंच तो सांगतो.

आता "डिटेल्स" पानावर या. इथे उजवं क्लिक करून "सिलेक्ट कॉलम्स" मधून पुन्हा "कमांड लाइन" घ्या, आणि "युजर नेम" वर क्लिक करून यादी लावून घ्या. तुमच्या नावावर चालणाऱ्या प्रोसेस एका ठिकाणी येतील. नाव कुणीही काहीही घेऊ शकतं, पण कमांड लाइनमध्ये फाइल कुठल्या फोल्डरमधून उठली आणि उठताना तिला काय सांगितलं होतं, ते येतं. सगळ्यात जास्त मी याच रकान्यावर विसंबतो. कसा, ते एका उदाहरणाने सांगतो.

पेनड्राइव्हची गोष्ट

एका झेरॉक्स सेंटरवाल्या ताईंचा फोन आला. दिवसभर पोरं प्रोजेक्ट, रेझ्युमे, हॉल तिकीट घेऊन येतात, शंभर पेनड्राइव्ह लागतात. आता कुठलाही पेनड्राइव्ह लावला की आतले फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. "दादा, काल रात्री सगळं साफ केलं, सकाळी लॉगिन केलं की परत तेच."

त्या शेवटच्या वाक्यातच उत्तर होतं. लॉगिन केल्यावर परत येतंय म्हणजे लॉगिनला उठणाऱ्या यादीत त्याचं नाव आहे. डिटेल्स पान उघडलं. डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची प्रोसेस चालू होती. ही फाइल मायक्रोसॉफ्टचीच, विंडोजच्याच फोल्डरमधली, बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही वगैरे सगळं चोख. नुसतं नाव बघून मी पुढे गेलो असतो. पण डब्ल्यूस्क्रिप्टचं काम असतं दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट वाचून चालवणं, आणि कमांड लाइनमध्ये त्या स्क्रिप्टचा पत्ता होता: ताईंच्या युजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरात, अर्थ नसलेल्या अक्षरांच्या नावाची फाइल. माणूस ओळखीचा, पण त्याच्या हातातली चिठ्ठी परक्याची, असला प्रकार.

नुसती प्रोसेस बंद करून भागत नाही. आधी प्रोसेस बंद, मग यादीतली नोंद बंद, मग ती स्क्रिप्ट फाइल काढायची, आणि त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा (विंडोजच्याच अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन. हा स्कॅन मशीन रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण उठण्याआधी चालतो, साधारण पंधरा मिनिटं घेतो. पेनड्राइव्हवरचे फोल्डर गेलेले नसतात, फक्त लपवलेले असतात. ते परत दिसते करता येतात. ज्या मशीनवर असं काही सापडलं त्यावर बँकेचं काम होत असेल तर पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

परका ओळखायच्या खुणा सांगतो, पण त्यातली कुठलीही एकटी पुरेशी नाही. पब्लिशरचं, म्हणजे फाइल बनवणाऱ्या कंपनीचं, नाव कोरं असणं. फाइल टेम्प किंवा रोमिंग फोल्डरात असणं. नावात नक्कल असणं: एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची खरी प्रोसेस आहे, चोर त्यातली दोन अक्षरं उलटी करून एससीव्हीहोस्ट असं नाव घेतो आणि घाईत डोळा फसतो. खरा एसव्हीसीहोस्ट सिस्टिम३२ फोल्डरातूनच येतो आणि त्याला उठवणारा सर्व्हिसेस असतो. नाव तेच पण पत्ता दुसरा, म्हणजे थांबा आणि तपासा. उलट, अ‍ॅपडेटा फोल्डरात आहे म्हणून प्रत्येक गोष्ट वाईट असंही नाही. बरीच चांगली सॉफ्टवेअरं स्वतःला तिथेच बसवतात.

तिसरी पायरी: ऑटोरन्स

टास्क मॅनेजर सगळी दारं दाखवत नाही. लॉगिनला उठायचे मार्ग बरेच आहेत. एक स्टार्टअप फोल्डर. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत शेल, कोलन, स्टार्टअप असं मध्ये जागा न सोडता लिहिलं की तो उघडतो. दुसरा रजिस्ट्रीमधल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, "रन" नावाच्या नोंदी. त्या दोन ठिकाणी असतात, एक फक्त तुमच्या युजरसाठी आणि एक मशीनवरच्या सगळ्यांसाठी. तिसरा टास्क शेड्युलर, जिथे एखाद्या कामाला "अ‍ॅट लॉग ऑन" अशी वेळ लावलेली असते. नको असलेले प्रोग्रॅम लपायला मला वाटतं ही शेड्युलरची जागा सगळ्यात सोयीची, कारण साधा माणूस तिथे कधी जातच नाही.

ही सगळी दारं एका खिडकीत दाखवणारं साधन म्हणजे ऑटोरन्स. सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे काम २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं, आणि साधनं आजही फुकट मिळतात. मात्र फक्त मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. "पीसी फास्ट करा" म्हणणाऱ्या जाहिरातींतून आलेले क्लीनर आणि बूस्टर अजिबात घेऊ नका. त्यातले बरेच स्वतःच लॉगिनला उठणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसतात.

ऑटोरन्सवर उजवं क्लिक करून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" ने उघडा. यादी भरायला थोडा वेळ लागतो. मग "ऑप्शन्स" मधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि सह्या तपासायचा पर्याय चालू करा. शेकडो ओळींतून हातात मोजक्या उरतात. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइलच जागेवर नाही, काढून टाकलेल्या जुन्या सॉफ्टवेअरची उष्टी. गुलाबी म्हणजे सहीची खात्री पटत नाही. गुलाबी दिसलं म्हणजे चोरच असं नाही. आपल्याकडची स्थानिक वजनकाट्याची, बारकोडची सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा गुलाबीच दिसतात. ओळीवर उजवं क्लिक करून व्हायरसटोटलवर तपासता येतं, म्हणजे त्या फाइलची ओळख अनेक अँटिव्हायरसच्या नोंदींशी ताडून बघता येते.

मशीनवर दोन-तीन जण वेगवेगळ्या नावाने लॉगिन करत असतील तर "युजर" मेनूतून प्रत्येकाची यादी बघा. मालकाच्या नावाने सगळं स्वच्छ आणि दिवाणजींच्या नावाने गोंधळ, असं मी पाहिलंय.

आता मुख्य काम. "फाइल" मेनूतून ही यादी तारखेच्या नावाने सेव्ह करा. हे तुमचं मस्टर. पुढच्या वेळी ऑटोरन्स उघडून त्याच मेनूतलं "कम्पेअर" घ्या आणि जुनी फाइल दाखवा. मधल्या काळात नवीन आलेल्या ओळी हिरव्या होऊन समोर येतात. सगळी यादी पुन्हा वाचायची गरज नाही, हिरव्यांनाच विचारायचं, तुम्ही कोण.

येऊन लगेच जाणाऱ्यांसाठी

काही प्रोसेस दोन सेकंदांसाठी येतात आणि टास्क मॅनेजर उघडेपर्यंत गेलेल्या असतात. लॉगिन केल्यावर काळी खिडकी चमकून जाते, ती अशीच. त्यासाठी सिसइंटर्नल्समधलंच प्रोसेस मॉनिटर वापरा. "ऑप्शन्स" मध्ये "एनेबल बूट लॉगिंग" चालू करा, रीस्टार्ट करा, लॉगिन करा, मशीन शांत झालं की प्रोसेस मॉनिटर पुन्हा उघडा आणि नोंद सेव्ह करा. पुन्हा उघडायला विसरू नका, कारण तोपर्यंत नोंद चालूच राहते आणि फाइल काही जीबीपर्यंत फुगते. मग "टूल्स" मधलं "प्रोसेस ट्री" बघा. कुणी कुणाला उठवलं आणि कोण किती वेळ टिकलं, हे वंशावळीसारखं मांडलेलं मिळतं. निघून गेलेला यूजरइनिटही इथे सापडतो.

ऑफिसात दहा-वीस मशीन असतील तर विंडोजच्या सिक्युरिटी लॉगचा उपयोग करता येतो. तिथे लॉगिनची नोंद ४६२४ या क्रमांकाने होते आणि नव्या प्रोसेसची ४६८८ ने. ४६८८ ची नोंद पॉलिसीतून चालू करावी लागते, आणि तिच्यात कमांड लाइन यावी यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते. एकट्या मशीनला एवढा खटाटोप नको. ऑफिसात हे करत असाल तर कामावरच्या मंडळींना आधी सांगून करा. कुठल्या प्रोसेस उठतात हे बघायचंय. कोण काय टाइप करतो हा आपला विषय नाही, आणि त्यांना तसं वाटू देऊ नये.

बंद करताना

काढून टाकू नका, बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये "डिसेबल", ऑटोरन्समध्ये पुढची टिक काढणं. दोन्ही परत चालू करता येतं. आणि एका वेळी एकच. एक बंद करा, रीस्टार्ट करा, घड्याळ लावा, दिवसभर काम करा, मग दुसऱ्याकडे वळा.

हे मी शिकलो ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत. उत्साहाने एका दमात अकरा गोष्टी बंद केल्या, मशीन सुसाट झालं, मालक खूश. महिन्याची २० तारीख आली. त्यांचं जीएसटीचं ३बी रिटर्न डिजिटल सहीने जायचं, त्यासाठी ईएमसाइनर हा सही करणारा प्रोग्रॅम मागे चालू असावा लागतो, आणि त्यांच्या मशीनवर तो लॉगिनलाच उठायचा. मी तो बंद करून ठेवलेला. पोर्टल सही घेईना, टोकन (पेनड्राइव्हसारखं दिसणारं, डिजिटल सही ठेवलेलं) तीनदा काढून लावलं, ड्रायव्हर पुन्हा बसवला, आणि संध्याकाळी साडेसातला मला फोन. अकरांतलं नक्की कुठलं, हे शोधायला मला तासभर लागला, कारण मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून मस्टरच्या कागदावर मी "कशासाठी लागतं" असा रकाना ठेवतो. तो रकाना भरता येत नाही तोवर त्या ओळीला हात लावत नाही. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाचे ड्रायव्हर, टोकन, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ही मंडळी जागेवरच राहू द्यावीत.

अण्णांच्या मशीनवर काय निघालं ते सांगायचं राहिलं. दोन अँटिव्हायरस, त्यातला एक मुदत संपलेला, आणि दोघंही उठल्या उठल्या तीच डिस्क तपासत होते. कधीच विकून टाकलेल्या दोन प्रिंटरांचे राखणदार. चार वेगवेगळे अपडेटर. आणि घरातल्या लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवणारा एक प्रोग्रॅम, जो रोज सकाळी सगळा अल्बम नव्याने चाळत होता. व्हायरस एकही नाही. मुदत संपलेला अँटिव्हायरस रीतसर अनइन्स्टॉल केला, बाकीचे चार दिवसांत एकेक करून बंद केले. सहा मिनिटं वीस सेकंदांचं दोन मिनिटं दहा सेकंदांवर आलं. तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवरच अडकत होती, तेव्हा जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घातली. आता चाळीस सेकंद लागतात. रॅम आहे तेवढीच आहे.

मस्टरचा कागद अण्णांनी खतावणीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलाय. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचा मुलगा ऑटोरन्स उघडून कम्पेअर करतो. नवं सॉफ्टवेअर बसवलं, कुणाचा पेनड्राइव्ह लावला, किंवा मशीन दुरुस्तीला जाऊन आलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी. गेल्या महिन्यात एक हिरवी ओळ आली होती. त्याने मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "दादा, ह्यो आपला का?" नव्या बिलिंग प्रिंटरचा ड्रायव्हर होता. आपलाच निघाला, कागदावर नाव चढलं.